हळकुंड किती पिवळं असावं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘वनस्पतींचे अर्क आणि जड धातूंची विषबाधा’. त्याकडे येतोच. पण वसमतला उभं राहायचं आणि हळदीचं बोलायचं नाही, हे मला जमणार नाही.

आमच्या मामांची हळद. शिजवली नीट, वाळवली खडखडीत, ड्रममध्ये फिरवून साल काढली. व्यापाऱ्यानं हळकुंड मोडलं. कट्‌कन आवाज, आत गर्द नारिंगी. वास घेतला, माल चोख आहे म्हणाला आणि भाव पाडला. का? तर वरून रंग नाही! शेजारचा ढीग झेंडूसारखा पिवळाधमक, त्याला चढा भाव. मामा काही बोलले नाहीत, पट्टी खिशात घालून निघाले. त्या ढिगावर माझा आरोप नाही. माझा राग आहे तो आतला माल पाहूनही वरच्या रंगावर भाव ठरवण्यावर. कारण याच सवयीतून बांगलादेशात लेड क्रोमेट हळदीत शिरलं. 1980 च्या दशकात पुरानं हळद भिजली, काळपट पडली, आणि पॉलिश करताना हा शिशाचा पिवळा रंग टाकायची रीत पडली. पुढे गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं आणि माग काढत संशोधक पोचले ते घरातल्या हळदीपाशी. 2019 साली तिथल्या बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं निघालं. मग सरकारनं धाडी घातल्या, दंड केला, गावोगाव सांगितलं. 2021 मध्ये प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत! म्हणजे मनावर घेतलं की होतं.

हे मी इतकं लावून धरतो, कारण प्रयोगशाळेत शिशाविरुद्ध जी औषधं तपासतात, त्यांत हळद पुढच्या रांगेत आहे. औषधातच विष कालवायचं, हे मला सहन होत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, तेव्हा मूळ विषय भराभर सांगतो. शिसं शरीरातल्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतं, पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन खाऊन टाकतं, रक्त तयार करायला लागणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतं. त्यातून पेशींना इजा करणारे मुक्त कण वाढतात आणि यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्या पेशींची आवरणं सडतात. उंदरांना लेड ॲसिटेट या शिशाच्या क्षारासोबत हळदीतलं कर्क्युमिन किंवा आवळा, शेवगा यांचे अर्क दिले की ही हानी कमी होते, ग्लुटाथायोन बऱ्यापैकी टिकतं. हे पुन्हा पुन्हा दिसलंय. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी किंवा सोबत दिलेला असतो, आणि मात्राही मोठी असते. हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा दोन ते पाच, तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. शिवाय हाडांत साठलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथंच बसतं, ते काढ्यानं निघत नाही. मुलाच्या रक्तात डेसिलिटरला 45 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असेल तर दवाखाना गाठायचा, तिथं धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध देतात. जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की शिसं कमी शोषलं जातं, तेही आयाबहिणींना सांगा.

घरी एवढं करा: अख्खं हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाका. लगेच पिवळा रंग सुटला तर ते वापरू नका. आणि मालाला खरी किंमत हवी असेल तर बाजार समितीकडे मागणी लावून धरा, हळदीतलं शिसं तिथल्या तिथं मोजणारं क्ष-किरण यंत्र आणा. कायद्यानं हळदीत शिशाची मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे, ती पाळली जाते का हे सौदा होण्याआधी कळायला हवं. प्रश्न विचारा आता, मागच्या रांगेपासून.