फाटक उघडं टाकण्याचा कायदा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘अमेरिकेतले पहिले टोलरस्ते आणि त्यांचे भागधारक’. भागधारकांकडे मी येणारच आहे. पण आधी फाटकापाशी थोडं थांबू, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

त्या रस्त्यांना टर्नपाइक म्हणत. पाइक म्हणजे भाला. वाटेवर असा एक दांडा आडवा असायचा, पैसे हातात पडले की तो फिरवून वाट मोकळी करायची. (आपल्या अभंगांतला पाईक वेगळा, तो पायी चालणारा. दोघांचं नातं लावू नका.) फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा त्यातला सगळ्यांत गाजलेला रस्ता. पेनसिल्व्हेनिया राज्याने 1792 साली एका खासगी कंपनीला रस्ता बांधून टोल घ्यायची सनद दिली आणि दोनेक वर्षांत 62 मैलांचा खडीचा रस्ता तयार झाला. त्याआधी रस्ते कसे होत? गावातल्या माणसांनी वर्षातले ठरावीक दिवस फावडं घेऊन यायचं, वरवर माती ओढायची, घरी जायचं. पहिल्या पावसात पुन्हा चिखल!

फाटकावरचा दरफलक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातलं शहाणपण बघत राहिलो. मेंढ्या कोडीवर मोजायच्या. वीस मेंढ्यांना एक दर, वीस गुरांना त्याहून जास्त, कारण गुरांचे खूर रस्ता जास्त उखडतात. आणि गाडीचं तर उलटंच गणित! चाकाची धाव, म्हणजे त्यावरची लोखंडी पट्टी, जितकी रुंद, तितका टोल कमी. आपल्यात जे बैलगाडीच्या घरातले असतील त्यांना कारण सांगायला नको. अरुंद धाव खडीत रुतते, चाकोरी पाडते. रुंद धाव रोलरसारखी खडी दाबत जाते. न्यूयॉर्क राज्यात तर फारच रुंद चाकांच्या गाड्यांना टोल माफ होता. रस्ता जपणाऱ्याला सूट, मोडणाऱ्याला भुर्दंड.

आता माफीची यादी ऐका. न्यूयॉर्कच्या कायद्यात ती स्पष्ट लिहिलेली आहे. प्रार्थनेला चर्चमध्ये जाणाऱ्याला टोल नाही. घरच्या खाण्याचं धान्य दळायला गिरणीत जाणाऱ्याला नाही. नेहमीच्या लोहाराकडे घोड्याला नाल ठोकायला जाणाऱ्याला, डॉक्टरला आणायला जाणाऱ्याला, मतदानाला, कवायतीला जाणाऱ्याला नाही. फाटकापासून मैलभराच्या आत राहणाऱ्याला नाही. आणि अंत्ययात्रेला जाणाऱ्याला नाही.

या शेवटच्या ओळीवर मी दरवेळी थांबतो. माझी मामी गेली तेव्हा निरोप रात्री अकराला आला. मी, धाकटा भाऊ आणि आई, गाडी काढून निघालो. वाटेत टोलनाका. त्याच्या अलीकडे-पलीकडे कितीतरी किलोमीटर रस्ता खणलेला, एकच मार्गिका चालू, दिव्यांचा पत्ता नाही. नाक्यावर टॅग वाचला जाईना. दुप्पट पैसे भरा म्हणाले. मी म्हटलं, ‘‘अरे, रस्ता कुठाय?’’ तो पोरगा म्हणाला, ‘‘काका, रस्त्याचं मला नका विचारू, मी फक्त पावती देतो.’’ तो खरंच बोलला, त्याचा काय दोष! मी पैसे भरले. आई मागे बसून रडत होती. आम्ही पोचलो तेव्हा मामीला नेलं होतं. गेली पाच वर्षं मी हे रस्ते वाचतोय, त्याचं मूळ त्या रात्रीत आहे.

म्हणून सांगतो, त्या न्यूयॉर्कच्या कायद्यातलं खरं रत्न वेगळंच आहे. रस्ता बिघडला अशी तक्रार आली की सरकारने नेमलेले आयुक्त तो पाहायला जात. तक्रार खरी निघाली तर कंपनीला कळवत. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर फाटक उघडं टाकायचा हुकूम निघे. मग रस्ता नीट होईपर्यंत कुणाकडूनच टोल घ्यायचा नाही. खटला नाही, नुकसानभरपाईचे अर्ज नाहीत. दांडा बाजूला, बस्स. हे दोनशे वर्षांपूर्वी, घोड्यावर बसून पाहणी करणाऱ्या माणसांनी चालवून दाखवलं. आपल्याकडे टोलच्या प्रत्येक करारात हे एक कलम असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे, आणि मी ते जिथे संधी मिळेल तिथे मांडत राहणार.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, सात मिनिटं. तेव्हा भागधारक.

लँकेस्टरच्या शेअरवर लोकांनी उड्या टाकल्या. मागणी इतकी, की नावं सोडतीने काढावी लागली. पण नंतरच्या बहुतेक कंपन्यांनी फार थोडा लाभांश दिला, कित्येकांनी काहीच नाही. माफीची यादी लांब, त्यात ‘शनपाइक’, म्हणजे फाटकाला वळसा घालून काढलेल्या चोरवाटा. शेतकरी त्यांवरून खुशाल गाड्या हाकत. आणि हे कळूनही लोक नव्या रस्त्यांचे शेअर घेतच राहिले. का? कारण घेणारे त्याच वाटेवरचे जमीनदार, दुकानदार, गिरणीवाले होते. रस्ता झाला की त्यांचा माल बाजारात पोचणार, जमिनीची किंमत वाढणार. तिथले एक पुढारी हेन्री क्ले यांनी 1818 मध्ये काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, हाच हिशेब मांडला होता: पैसे घालणाऱ्याला वर्षाला तीन टक्केही सुटणार नाहीत कदाचित, पण समाजाला पंधरा-वीस टक्के लाभ होईल. शिवाय गावाच्या सभेत शेजारी शेअर घेतोय आणि आपण नाही, हे तोंड दाखवायला अवघड. म्हणजे ती गुंतवणूक कमी आणि वर्गणी जास्त होती, आपल्याकडे गावकीच्या कामाला काढतात तशी.

केंद्र सरकारने बांधलेल्या नॅशनल रोडची गोष्ट राहिलीच. त्यावर टोल बसवायचं विधेयक अध्यक्ष मनरो यांनी 1822 मध्ये परत पाठवलं, राज्यघटनेत केंद्राला तो अधिकार नाही म्हणून. पुढे 1830 च्या दशकात रस्ता राज्यांच्या ताब्यात गेला आणि मग टोलघरं उठली. पेनसिल्व्हेनियात युनियनटाउनजवळचं सीअराइट्सचं विटांचं टोलघर अजून उभं आहे. ते आठकोनी आहे, म्हणजे टोलवाल्याला आतूनच दोन्ही बाजूंची गाडी दिसावी. तोवर कालवे झाले, आगगाडी आली, लांबचा माल तिकडे वळला. कंपन्यांनी एकामागून एक रस्ते सोडून दिले, स्थानिक सरकारांनी ते ताब्यात घेतले, आणि फाटकं निघाली.

अध्यक्ष उठून उभे राहिलेत. शनपाइकचे किस्से ज्यांना हवेत त्यांनी चहाला थांबा.