खाडा न करता शिकायचं कसं?

(दृश्य: पत्र्याची शेड. जमिनीवर टेकवलेलं सोलर पॅनल, भोवती ते बसवायला शिकणारी वस्तीतली आठ-दहा मुलं-मुली.)

एक पॅनल साधारण साडेसात फूट लांब. वजन 28 किलोच्या आसपास. दोघांनी मिळून उचलायचं, काचेवर पाय द्यायचा नाही, वायरला धरून ओढायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं जातं. ज्यांना घरगुती वायरिंग येतं, ती मुलं इथे जरा गाफील असतात. मेन स्विच पाडला की काळजी मिटली, ही त्यांची सवय. पण ऊन आहे तोवर पॅनल वीज तयार करतंच. दहा पॅनल एका ओळीत जोडली की चारशे-पाचशे व्होल्ट, आणि तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. चालू लाइनवर जोड उपटला तर जो जाळ होतो, तो सहजासहजी विझत नाही.

(दृश्य: हातांचा क्लोज-अप. वायर, पिन, ती वायरवर दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल.)

वायरचं टोक सोलायचं, पण आतली तांब्याची एकही तार तुटू द्यायची नाही. पिनमध्ये घालायचं, दाबायचं आणि जोर लावून ओढून बघायचं. एका मुलीची पिन निघून हातात आली. सरांनी काही न बोलता वायरचा दुसरा तुकडा पुढे केला. ढिला जोडही पहिल्या दिवशी चालतो. मग तो तापत जातो, वितळतो, आणि ऐन एप्रिलात सोसायटीचे चेअरमन फोनवर ओरडत असतात.

काम भरपूर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. देशभरात 1 कोटी घरांचं उद्दिष्ट, तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान. पुण्यातल्या बंगल्यांच्या गच्च्यांवर पॅनल दिसू लागली. ती बसवायला माणसं लागतात, आणि माणसं वस्तीत आहेत. मग अडतं कुठे?

(दृश्य: सकाळचा मजूर अड्डा, वारजे.)

अडतं ते इथे. रोज 500 रुपये धरला आणि महिन्यात 25 दिवस काम मिळालं, तर साडेबारा हजार होतात. तीन महिने शिकायला बसायचं म्हणजे घरातून तेवढे पैसे तीनदा वजा. कोर्स फुकट आहे असं आपण म्हणतो, पण ही फी कोणी मोजत नाही. केंद्राच्या सोलरच्या सूर्यमित्र प्रशिक्षणात शिकणं, राहणं, जेवण, सगळं मोफत ठेवलं गेलं. चांगलंच आहे. पण मुलगा तिकडे जेवला म्हणून जनता वसाहतीतल्या खोलीचं भाडं थांबत नाही.

म्हणून विद्यावेतन, म्हणजे शिकताना हातात पडणारे पैसे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात ते बंधनकारकच आहे. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावी पास असेल तर महिना 6,000, आयटीआय किंवा पदविका असेल तर 8,000, पदवीला 10,000, थेट बँक खात्यात. यातही गोम आहे. जो दहावीतच गळाला त्याला जागा नाही, आणि सगळ्यात जास्त गरज नेमकी त्याचीच. शिवाय पैसे उशिरा आले तर घरमालक थांबत नाही. पोरगं पुन्हा अड्ड्यावर उभं राहतं आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लागतं. लोक म्हणतात, या मुलांना चिकाटीच नाही. आम्हाला तसं दिसलं नाही.

(दृश्य: कचरा वेगळा करणाऱ्या महिला.)

तसं पाहिलं तर पुण्यात पर्यावरणाची नोकरी वस्तीतल्या बायका कधीपासून करताहेत. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था झाली. गळ्यात ओळखपत्र आलं, दारोदारचा कचरा उचलण्याचं ठरलेलं शुल्क आलं. हे काम टिकलं ते पैसा हातात पडला म्हणून. भिंतीवर लावायच्या सर्टिफिकेटने टिकलं नसतं.

(दृश्य: पुन्हा शेड. मुलगी शिडीवरून खाली उतरते.)

पिन निसटली होती ती हीच. आता तिचा जोड ओढून निघत नाही, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटरही ती न अडखळता लावते. आई चार घरची धुणीभांडी करते. विद्यावेतनातून आईच्या दोन महिन्यांच्या भिशीचे हप्ते गेले. नाहीतर एव्हाना हीसुद्धा कुणाच्या तरी घरी कामाला लागली असती.

प्रशिक्षण संपलं की सुरुवात बहुधा ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून. तिने वहीच्या मागच्या पानावर विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेत. सेफ्टी बेल्ट कोण देणार? विमा आहे का? पगार खात्यात की हातात?

एका ठेकेदाराला तिने ते विचारलेही. बेल्ट मिळेल, तो म्हणाला. बाकीचं आधी कामावर या, मग बघू.

तिने दुसऱ्या ठेकेदाराचा नंबर घेतलाय.