होप स्ट्रीटचा पीट

(दृश्य: लिव्हरपूल, सकाळ. ओला रस्ता, दोन टोकांना दोन कॅथीड्रल.)

हा लिव्हरपूलचा होप स्ट्रीट. एका टोकाला अँग्लिकन कॅथीड्रल, दुसऱ्या टोकाला कॅथलिकांचं. साधारण अर्ध्या मैलाचं अंतर. त्या कॅथलिक टोकाजवळ, रस्त्याला लागून, हे एव्हरीमन थिएटर. पूर्वी इथे जुनं चॅपल होतं. पुढे त्याचा हॉल झाला, सिनेमाघर झालं आणि 1964 साली नाटक सुरू झालं.

पीट पॉसल्थवेट नट म्हणून घडला तो इथे.

(दृश्य: पीटचा चेहरा, अगदी जवळून.)

हा चेहरा तुम्ही पाहिलेला आहे, नाव आठवत नसलं तरी. वर आलेली गालफडं, बसकं नाक, खोल गेलेले डोळे. हे नाव बदल, असा सल्ला त्याला सुरुवातीलाच मिळाला होता. त्याने नाव बदललं नाही.

जन्म 7 फेब्रुवारी 1946, वॉरिंग्टन. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधलं हे कामगारांचं गाव. वडील लाकडी पिंपं बनवायचे, पुढे शाळेत केअरटेकर झाले. घर कॅथलिक, चार भावंडांत हा धाकटा. आधी पाद्री व्हायचं मनात होतं, मग शिक्षक झाला. मँचेस्टरच्या कॉलेजात मुलांना कसरत आणि नाटक शिकवलं. विशीतच ती नोकरी सोडून ब्रिस्टलच्या नाट्यशाळेत गेला आणि तिथून इथे आला.

(दृश्य: सत्तरच्या दशकातले कृष्णधवल फोटो. व्हॅन, पब, गर्दी.)

या फोटोंवर जरा थांबू या. एव्हरीमनचा तेव्हाचा कलादिग्दर्शक होता अ‍ॅलन डॉसर. त्याच्या हाताखालच्या संचात कोण कोण होतं बघा : ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर. पुढे सगळे नावाजलेले नट झाले; तेव्हा सगळे तरुण, सगळे अनोळखी. विली रसेल आणि अ‍ॅलन ब्लीझडेल हे इथले लेखकही याच शहरातले. नाटकं लिव्हरपूलच्या माणसांची, लिव्हरपूलच्या बोलीत.

आणि ही व्हॅन. संचातली काही मंडळी हिच्यात बसून शहरातल्या पबमध्ये प्रयोग करायला निघायची. इथे तिसरी घंटा नाही, विंग नाही, पडदा नाही. समोर दिवसभर राबून आलेला माणूस ग्लास हातात धरून उभा. त्याने काही तुमच्यासाठी तिकीट काढलेलं नाही. पहिल्या दोन वाक्यांत त्याला धरलं नाही, तर तो पाठ फिरवून शेजाऱ्याशी बोलायला लागणार. आवाज कुठवर न्यायचा, कुठे एकदम खाली आणायचा, समोरचा हसला तर किती थांबायचं, हे सगळं तालमीत कळत नाही. ते इथेच कळतं. पुढे पीट पडद्यावर नुसता उभा राहिला तरी नजर त्याच्यावरून हलत नसे. त्याची सुरुवात या फोटोत आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ऐंशीच्या दशकात तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत होता. तिथून सिनेमा.

(दृश्य: 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज', 1988. नाताळ.)

टेरेन्स डेव्हिसचा हा चित्रपट लिव्हरपूलच्याच एका घराचा. पीट या घरातला बाप. नाताळच्या रात्री मुलं झोपली आहेत आणि तो हलक्या हाताने त्यांच्या पलंगाशी भेटींचा मोजा अडकवतो. पुढच्या प्रसंगात, जेवायला सगळे बसलेले असताना, टेबलक्लॉथ ताटांसकट ओढून खाली टाकतो. हात तेच आहेत.

(दृश्य: पुरस्कार सोहळ्याची छायाचित्रं.)

1993 च्या 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये तो डॅनियल डे-लुईसचा बाप झाला. निरपराध असून तुरुंगात मेलेला जुसेप्पी कॉनलन. ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार टॉमी ली जोन्सला गेला. मग हॉलिवूड. स्पीलबर्गने त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हटलं.

(दृश्य: यॉर्कशरचं ग्राइमथॉर्प गाव. ब्रास बँडची तालीम.)

ऑक्टोबर 1992. ब्रिटिश सरकारने 31 कोळसा खाणी बंद करायचं जाहीर केलं. 30,000 रोजगारांवर गदा. त्याच महिन्यात ग्राइमथॉर्प खाणीच्या बँडने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. 'ब्रास्ड ऑफ' हा 1996 चा चित्रपट या गावावरून सुचलेला. चित्रीकरण इथलंच आणि वाद्यं याच बँडची.

पीट बँडमास्टर डॅनी. फुप्फुसांत कोळशाची धूळ साठलेली. तो इस्पितळाच्या खाटेवर, आणि बाहेर अंधारात बँडची माणसं उभी. डोक्यावर खाणीतली हेल्मेटं, हेल्मेटांवर पेटलेले दिवे. वाजवतात 'डॅनी बॉय'.

(इथे निवेदन थांबवावं. बँड पूर्ण ऐकू द्यावा.)

ग्राइमथॉर्पची खाण 1993 साली बंद झाली.

(दृश्य: लंडन, मार्च 2009. 'द एज ऑफ स्टुपिड'चा प्रीमियर.)

या चित्रपटात तो 2055 सालातला शेवटचा माणूस आहे, हवामानबदलाने उद्ध्वस्त झालेल्या जगाच्या जुन्या चित्रफिती पाहत बसलेला. त्या चित्रफितींत भारतात नव्याने सुरू होणारी स्वस्त विमानसेवाही आहे. प्रीमियरच्या दिवशी ब्रिटनचे तेव्हाचे ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांना पीटने सुनावलं : किंग्जनॉर्थच्या नव्या कोळसा वीजकेंद्राला परवानगी दिलीत, तर 2004 साली मिळालेला ओबीई हा सरकारी किताब मी परत करीन. ते केंद्र उभं राहिलं नाही.

(दृश्य: पुन्हा एव्हरीमन. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चे फोटो.)

2008 साली लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. पीट तेव्हा बासष्ट वर्षांचा. लिअर करायचा तर एव्हरीमनमध्ये, हे त्याचं ठरलेलं. रूपर्ट गूल्डने दिग्दर्शन केलं. परीक्षणं सगळीच चांगली आली नाहीत. पण ज्या रंगमंचावर विशीतला पोरगा उभा राहिला होता, तिथेच तो म्हातारा राजा होऊन आला. प्रयोग लंडनला गेला तो नंतर. आधी होप स्ट्रीट.

2 जानेवारी 2011 रोजी पीट गेला. कॅन्सर. वय 64.

त्याच वर्षी जुनं एव्हरीमन पाडायला घेतलं. नवं 2014 मध्ये उघडलं.

(दृश्य: नव्या थिएटरचा दर्शनी भाग, धातूच्या झडपा. मग आतली भिंत, हळूहळू जवळून.)

दर्शनी भागावर या 105 झडपा. प्रत्येकीवर या परिसरातल्या एका साध्या माणसाचं पूर्णाकृती चित्र. आणि प्रेक्षागृहाच्या या भिंतीच्या विटा जुन्या इमारतीतल्या आहेत. पंचवीस हजार विटा काढल्या, साफ केल्या आणि पुन्हा रचल्या.