डॉक्टरांकडून परतलेला स्पायडरमॅन

(दृश्य: पिवळी पडलेली पानं, उलटणारी बोटं)

ऑगस्ट १९६२चं अमेरिकन कॉमिक. किंमत १२ सेंट. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, शाळेत कुणी विचारत नाही असा चष्मेवाला पीटर पार्कर या अंकात पहिल्यांदा भिंतीवर चढला, स्पायडरमॅन झाला. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको.

ही चौकट नीट बघा. पळणाऱ्या चोराला यानं सोडून दिलं होतं, आपल्याला काय करायचंय म्हणून. त्याच चोरानं बेनकाकांना मारलं. ते कळतं, त्या क्षणी डिटकोनं मुखवट्याच्या पांढऱ्या काचांमध्ये डोळे रेखाटलेत. विस्फारलेले, पोरसवदा. एरवी तिथं नुसता पांढरा रंग असतो.

(दृश्य: स्पायडरमॅन कॉमिकचा अंक १३)

जून १९६४. स्पायडरमॅन चोऱ्या करतोय अशी शहरभर बोंब. करणारा मिस्टीरिओ नावाचा खलनायक, वेश स्पायडरमॅनचा. पण पीटरला वाटतं, झोपेत मीच तर नाही ना करत? आणि हा शाळकरी पोरगा चक्क मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. बाराच सेंटांच्या कॉमिकमध्ये! तिथवर पोचतो, आणि मनातलं सांगायच्या आत काढता पाय घेतो. बोलता बोलता आपलं गुपित फुटलं तर? आपल्याकडे फक्त मुखवटा नसतो, बाकी सगळं हेच.

(दृश्य: उलटी खोली)

मे १९६५, अंक २४. हे पान शूट करताना कॅमेरामननं दोनदा विचारलं, अंक उलटा धरलाय का? नाही हो. सामानच छताला ठोकलंय. डॉक्टर लुडविग राइनहार्ट म्हणून कुणी पेपरात छापून आणतो, की स्पायडरमॅनचं डोकं फिरणार. पाठोपाठ डॉक्टर ऑक्टोपस, सँडमॅन, व्हल्चर, सगळे जुने वैरी दिसतात आणि विरून जातात. पोरगा हादरतो. थेट त्याच डॉक्टरच्या घरी जातो, आणि ही खोली समोर येते. डॉक्टर कोण? पुन्हा मिस्टीरिओच.

गोष्ट म्हणून झकास. पण वर्षभरात हा पोरगा दोनदा मदत मागायला गेला. एकदा स्वतःच पळाला, दुसऱ्यांदा डॉक्टरच भामटा निघाला. वाचणाऱ्या पोरांनी यातून काय उचललं असेल?

चार अंकांनी शाळा संपली. मग कॉलेज, आणि बऱ्याच वर्षांनी सिनेमे.

(दृश्य: १९६२च्या गोष्टीची शेवटची चौकट. अंधारात दूर जाणारी बारीक आकृती. इथे निवेदन नाही, संगीतही नको.)