दाराशी अडकलेली पिशवी

रक्ताचा एक थेंब, मायक्रोस्कोपखाली. लाल पेशींच्या गर्दीत ही गडद जांभळी दिसतेय ना, ती टी लिम्फोसाइट, आपली एक पांढरी पेशी. व्हायरस घुसलेल्या पेशी शोधून मारायच्या हे अशा टी पेशींपैकी काहींचं काम, आणि मारायचं सामान पोटातच असतं, छोट्या पिशव्यांमध्ये, ग्रॅन्युल म्हणतात त्यांना. आत परफोरिन आणि ग्रॅन्झाइम. परफोरिन समोरच्या पेशीला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम आत शिरून तिला संपवतात.

पण हे बाहेर येतं कसं? पिशवीला मेंब्रेन, म्हणजे पातळ आवरण, पेशीलाही मेंब्रेन, दोन्ही तेलकट, मधे पाणी, आपणहून ती एक होत नाहीत. तिथे लागतात स्नेअर प्रोटीन. पिशवीवर व्हॅम्प, पेशीच्या बाजूला सिंटॅक्सिन-११ आणि स्नॅप-२३, आणि ही एकमेकांत गुंफत जातात, दप्तराची चेन ओढतो ना तशी, सरसर, मग दोन्ही मेंब्रेन इतकी जवळ येतात की एकच होतात आणि माल बाहेर. पेशीतल्या या वाहतुकीच्या शोधासाठी २०१३ चं नोबेल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना मिळालं.

आता काही बाळं सिंटॅक्सिन-११ ची जीन बिघडलेलीच घेऊन जन्माला येतात, एफएचएल-४ म्हणतात त्या आजाराला. परफोरिन भरपूर आहे, पिशवी दारापर्यंत येते आणि तिथेच अडकते. समोरची पेशी मरत नाही, म्हणून टी पेशी तिला सोडतही नाही, आणि मला सगळ्यात भयंकर वाटतं ते हे की सायटोकाइन, म्हणजे पेशींचे एकमेकींना निरोप, दुसऱ्या वाटेनं जातात, ती वाट चालूच असते, त्यामुळे इंटरफेरॉन गॅमा नावाचा सायटोकाइन ओतला जातो, ओतलाच जातो, त्यानं मॅक्रोफेज, म्हणजे गिळून टाकणाऱ्या पेशी, पेटतात आणि आपल्याच रक्तपेशी गिळायला लागतात. बाळाचा ताप उतरत नाही, प्लीहा सुजते, प्लेटलेट घसरतात. वेळेत ओळखलं नाही तर जीव जातो.

ओळखायची टेस्ट मात्र फार सुंदर आहे. ग्रॅन्युलच्या आतल्या अस्तरावर सीडी१०७ए नावाचं प्रोटीन असतं, पिशवी उघडली की ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला येतं, खिसा उलटा केल्यावर अस्तर दिसतं तसं. चमकणारी अँटीबॉडी त्याला चिकटवायची आणि फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या मशीनवर, बघायचं. चमक नेहमीपेक्षा खूपच कमी दिसली तर डॉक्टर जीन तपासायला पाठवतात, औषधांनी आग आटोक्यात ठेवतात आणि रक्तपेशी जिथे बनतात ती बोनमॅरो बदलण्यासाठी डोनर शोधायला घेतात. बहीणभाऊ जुळले तरी आधी त्यांचीही तीच जीन तपासतात.