ताट वाजवून कान तपासता येत नाही

नमस्कार श्रोतेहो. घरात बाळ आलं की पाचवीपासून बारशापर्यंत सगळं बघितलं जातं, वजन किती भरलं, कावीळ तर नाही ना, दूध नीट पितंय का, पण बाळाला ऐकू येतंय का हे फार कमी घरात विचारतात. आणि विचारलंच तर आजी ताट घेते, मागून चमच्याने वाजवते, बाळ दचकलं की सगळ्यांचं समाधान. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते आणि मला आज या ताटाबद्दलच बोलायचंय, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून मुलांची दोन-दोन वर्षं निघून जातात.

ताटाचा आवाज इतका मोठा असतो की बऱ्यापैकी कमी ऐकू येणारं बाळसुद्धा दचकतं. एक कान चांगला आणि दुसरा पूर्ण बंद असेल तरी दचकतं. पण आईचं हळू बोलणं, त्यातले स, श, फ असे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतात का, हे ताट सांगत नाही. मग दोन वर्षांनी घरचे म्हणतात अजून बोलत नाही, शेजारचे म्हणतात याचे बाबापण उशिराच बोलले होते, आणि आणखी सहा महिने जातात.

आता प्रश्न असा की बाळ तर काही सांगू शकत नाही, मग मोजायचं कसं? तर बाळाचा कान स्वतःच उत्तर देतो, आणि तेही आवाजाच्या रूपात! आपल्या आतल्या कानात कॉक्लिया नावाची शंखासारखी वळलेली नळी असते, त्यात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार, त्या मेंदूला निरोप पाठवतात. बाहेरच्या रांगांमध्ये साधारण बारा हजार, आणि त्यांचं काम वेगळंच आहे. आवाज आला की त्या आखडतात, लांबतात, आणि बारीक आवाज मोठा करून आतल्या पेशींना देतात. ही हालचाल चालू असताना थोडासा आवाज उलटा, पडद्यातून बाहेर कानाच्या नळीत येतो. अगदी क्षीण असतो, आपल्याला ऐकू येणार नाही, पण नाजूक माइकला पकडता येतो.

थॉमस गोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९४८ मध्येच म्हटलं होतं की कान नुसता आवाज घेत नाही, आत काहीतरी स्वतःहून जोर लावतं. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग १९७८ मध्ये लंडनला डेव्हिड केम्प यांनी माणसाच्या कानातून येणारा हा आवाज मोजून दाखवला. मला आजही याचं फार अप्रूप वाटतं, तीस वर्षं एक खरी गोष्ट पडून राहिली आणि आज तिच्यावरच जगभरातल्या नवजात बाळांची तपासणी चालते.

या तपासणीला ओएई म्हणतात. बाळाचं पोट भरलेलं असावं, झोपलेलं असेल तर उत्तम, आणि खोली शांत हवी, नातेवाईकांचे फोन बाहेर. कानात मऊ रबराची छोटी टोपी लावलेला प्रोब ठेवतात, त्यातच स्पीकर आणि माइक. स्पीकर टिकटिक करतो किंवा दोन सूर एकदम सोडतो, माइक परतीचा आवाज टिपतो. सुई नाही, औषध नाही, बाळ शांत असेल तर काही मिनिटांत दोन्ही कान होतात.

मशीनवर पास किंवा रिफर, म्हणजे पुन्हा तपासा, असं येतं. रिफर आलं की आईच्या डोळ्यात पाणी येतं, म्हणून हे नीट ऐका: रिफर म्हणजे बहिरेपण नाही. जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी, चिकट पदार्थ अडकलेला असतो, त्यामुळे बऱ्याच बाळांचा पहिला रिपोर्ट रिफर येतो आणि पुन्हा केला की पास होतो. पण पुन्हा करायलाच हवा ना! बाळंतीण माहेरी जाते, गाव लांब, घरातलं कुणीतरी म्हणतं बाळ तर आवाजाकडे बघतंय, आणि तो कागद फाईलमध्येच राहतो. माझी सगळी तळमळ या न झालेल्या दुसऱ्या तपासणीसाठी आहे.

आणि पास आलं तरी एक गोष्ट. ओएई कॉक्लियापर्यंतचंच सांगते, पुढच्या नसेचं नाही. त्यामुळे बाळ एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पाच दिवसांच्या वर राहिलं असेल, कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं असेल, तर ओएईवर न थांबता बेरा नावाची तपासणी करून घ्या, त्यात नसेपर्यंत आवाज पोचतो का ते दिसतं. मेंदूज्वर झाला असेल किंवा घरात लहानपणापासून ऐकू न येणारं कुणी असेल (आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतात, तिथे हे आवर्जून विचारा) तर डॉक्टरांना सांगून ठेवा आणि पास आलं तरी पुढे कान पुन्हा तपासत राहा.

हजारात साधारण एक ते तीन बाळं जन्मापासूनच कमी ऐकू येणारी असतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक जगभर मानतात, कारण मेंदू भाषा शिकतो तो याच काळात, मग ती भाषा बोलण्याची असो की खुणांची. श्रवणयंत्र अगदी काही आठवड्यांच्या बाळालाही बसवता येतं. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, तिथे जाता येईल.

तेव्हा डिस्चार्ज घेताना बिलाबरोबर एवढं विचारा, बाळाची ओएई झाली का, दोन्ही कानांची झाली का, आणि रिफर असेल तर पुढची तारीख कार्डावर लिहूनच घ्या. नमस्कार.