बेगमी संपायच्या आत

नमस्कार श्रोतेहो. वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालेली मंडळी वर्षभरानं तपासणीला येतात, तेव्हा ठरलेला प्रश्न असतो, "डॉक्टर, या जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या बंद कधी करायच्या?" माझं उत्तर कुणालाच आवडत नाही. बंद करायच्याच नाहीत.

या ऑपरेशनच्या 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. जेवण कमी जातं, हे तर सगळ्यांनाच कळतं. पण बी-१२ हे जीवनसत्त्व अंगी लागायला जे आम्ल आणि जे खास प्रथिन लागतं, तेही त्या जठरातच तयार होतं. पोटाच्या बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे) अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग चुकवून पुढं जातं, आणि लोह मुख्यतः तिथंच शोषलं जातं.

फसगत होते ती बेगमीमुळं. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो. त्यामुळं गोळ्या सोडूनही माणूस ठणठणीत दिसतो, वर चारचौघांत सांगतो, "मला काही झालं नाही बुवा!" मग कधीतरी तळपायाला मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. नसांना झालेली इजा दरवेळी भरून निघतेच असं नाही. शाकाहारी घरांत तर ही बेगमी मुळातच तुटपुंजी असते.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एका घोटात घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. (आपल्याकडं हे पाळणं सगळ्यांत कठीण!) दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं लागतात, ती नुसत्या वरणाच्या पाण्यातून मिळत नाहीत. पनीर, अंडी, दही, मासे, जे चालतं ते भाताआधी खा.

आता बी-१ हे जीवनसत्त्व. याची बेगमी जेमतेम दोन-तीन आठवड्यांची. ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील, एकाचे दोन दिसत असतील, बोलण्यात गोंधळ होत असेल, तर "अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावून घेऊ" असं म्हणून मोकळे होऊ नका. बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दवाखाना कुठलाही असो, सुई टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा, "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय." रुग्णाला बोलता येत नसेल तर घरच्यांनी सांगायचं. नमस्कार.